हिवाळ्यानंतर नॅरोबोटवर परतताना: इंजिनाची किल्ली सगळ्यात शेवटी

प्रश्न: आम्ही लेस्टरला राहतो. गेल्या उन्हाळ्यात ५७ फुटांची जुनी नॅरोबोट (इंग्लंडातल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) घेतली, ती ब्रॉन्स्टनजवळच्या मरीनात असते. नोव्हेंबरात पाण्याची टाकी रिकामी केली, गॅस बंद केला आणि चार महिने पुण्याला जाऊन राहिलो. कॅलोरिफायरमधलं (गरम पाण्याच्या टाकीतलं) पाणी काढलं होतं की नाही, ते आता दोघांनाही आठवत नाही. मागच्या शनिवारी बोटीवर चक्कर मारली. घरगुती (केबिनमधले दिवे-पंप चालवणाऱ्या) बॅटऱ्यांचा मीटर ११.९ व्होल्ट दाखवतोय आणि इंजिनाखाली दीड-दोन इंच पाणी साचलंय. इंजिन सुरू करून बघावं असं फार वाटत होतं, पण हात आवरला. ईस्टरच्या सुट्टीत मुलं आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे यांना घेऊन फॉक्स्टनच्या लॉकपर्यंत (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा, दोन्हीकडे दारं असलेला हौद) जायचा बेत आहे. सासरे ७४ वर्षांचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: हात आवरलात ते फार बरं केलंत. हिवाळाभर उभ्या असलेल्या बोटीत जे बिघडतं, ते बहुतेक वेळा काम सांगेपर्यंत दिसत नाही. पाइपाची चीर पंप चालू झाल्यावर दिसते, मेलेली बॅटरी भार टाकल्यावर कळते, डिझेलमधला गाळ बोट हलायला लागल्यावर वर येतो. त्यामुळे एकेका गोष्टीला क्रमाने, आणि धक्क्याला बांधलेलं असतानाच कामाला लावायचं. आमचा क्रम असा: आधी वास, मग साचलेलं पाणी, मग वीज, मग नळ, मग इंजिन. या कामाला एक अख्खा शनिवार-रविवार द्या, आणि तो ईस्टरच्या निदान एक आठवडा आधीचा असू द्या, म्हणजे एखादा भाग मागवावा लागला तर तो यायला वेळ मिळेल.

वास म्हणजे गॅसचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणून आत शिरल्यावर दिव्याचं बटण दाबण्याआधी पुढची-मागची दोन्ही दारं आणि खिडक्या उघडून थोडा वेळ थांबा. नंतर गॅस लॉकर, म्हणजे सिलिंडर ठेवायची पेटी, बघा. त्याच्या तळाशी पाणी आणि गळलेला गॅस बाहेर जायला एक भोक असतं. हिवाळ्यात ते पाल्यापाचोळ्याने हमखास बुजतं, तिथे तार घालून मोकळं करा. रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा, नळी वाकवून भेगा पडल्यात का पाहा. लॉकरमध्ये बबल टेस्टर (गळती असेल तर बुडबुडे दाखवणारं उपकरण) बसवलेला असेल तर शेगडी, फ्रीज, गिझर सगळं बंद करून सिलिंडर उघडा आणि टेस्टरचं बटण मिनिटभर दाबून धरा. बुडबुडा दिसला तर कुठेतरी गळती आहे. सिलिंडर बंद करायचा आणि बोटींच्या गॅसचं काम करणाऱ्या, गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला बोलवायचं. गॅसच्या जोडणीला आपण पाना लावायचा नाही.

त्याच फेरीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून बघा आणि त्याच्या मागची मुदत वाचा. १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीत हा अलार्म सक्तीचा आहे, पण मुदत संपलेला अलार्म भिंतीवर असून नसल्यासारखाच. कोळशाचा स्टोव्ह असेल तर पेटवण्याआधी धुराडं ब्रशने साफ करा आणि स्टोव्हच्या आत वरच्या बाजूला असलेली आडवी पत्र्याची पट्टी काढून बघा. महिनोन्‌महिने थंड राहिलेल्या धुराड्यातून गंजाचे पापुद्रे आणि काजळी सुटून नेमकी त्या पट्टीवर साठतात, आणि धूर बाहेर जायच्या ऐवजी केबिनमध्ये फिरतो. स्टोव्हच्या दाराभोवतीची, फट बंद करणारी दोरी कडक होऊन तुटत असेल तर तीही बदला. एप्रिलमध्ये इंग्लंडात रात्री चांगलाच गारठा असतो. मुलं झोपलेली असताना स्टोव्ह पेटता राहणार, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका.

आता इंजिनाखालचं पाणी. ते उपसण्याआधी ते कुठलं आहे हे ठरवा, कारण उपसल्यावर पुरावाही जातो. वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग असेल तर बिल्ज पंप (तळाचं पाणी बाहेर फेकणारा) लावायचा नाही. कालव्यात तेल सोडणं गुन्हा आहे. आधी तेल शोषणारे पांढरे पॅड टाका, मग बाकीचं पाणी बादलीत काढा. पाण्याला निळी, हिरवी किंवा गुलाबी झाक असेल तर ते कूलंट आहे, म्हणजे एखादा होज गळतोय. चव घेऊन खात्री करायची नाही, ग्लायकॉल विषारी असतं. स्वच्छ पाणी असेल तर दोनच संशयित उरतात: डेकच्या फळ्यांखालची पन्हाळ बुजल्यामुळे आत आलेला पाऊस, किंवा स्टर्न ग्लँड, म्हणजे प्रोपेलरच्या शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं सील.

यांतला खरा कोण, हे एका साध्या युक्तीने कळतं. तळ फडक्याने पूर्ण कोरडा करा. ग्लँडच्या खाली, म्हणजे प्रोपेलरचा शाफ्ट जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथे, जुनं वर्तमानपत्र पसरा आणि दुसरा कागद डेकच्या पन्हाळीखाली. बोट रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कुठला कागद भिजलाय ते बघा. ग्लँडखालचा भिजला असेल तर घाबरू नका. हिवाळाभर शाफ्ट फिरला नाही की आतलं पॅकिंग आकसतं आणि ग्रीस वाळतं. आधी ग्रीसरचा दांडा दाब जाणवेपर्यंत फिरवा. तरीही उभ्या बोटीत थेंब पडत राहिला तर ग्लँडचे दोन्ही नट सारखेच, एका वेळी षटकोनाच्या एका बाजूएवढेच आवळा आणि परत बघा. एकच नट आवळला तर ग्लँड तिरकी बसते. फार आवळली तर शाफ्ट झिजतो, आणि शाफ्ट बदलायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते. नट पूर्ण आवळूनही गळत असेल तर पॅकिंग संपलंय, ते काम मरीनातल्या मेकॅनिकला सांगा.

केबिनच्या आत, मागच्या टोकाला, फरशीत एक छोटं झाकण असतं. तेही उघडून हात घाला. तिथे पाणी असेल तर ते नळाचं किंवा शॉवरचं असण्याची शक्यता जास्त. हे झाकण उघडायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि मग वर्षानुवर्षं पोलाद आतून गंजत राहतं.

बॅटऱ्यांबद्दल स्पष्टच सांगतो: ११.९ चांगला आकडा नाही. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा विश्रांतीतला व्होल्टेज पूर्ण भरलेली असताना साधारण १२.७, अर्धी असताना १२.२ आणि पाव असताना १२.० असतो. तुमच्या पावाच्याही खाली आहेत. अशा अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिल्या की प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक जमतात आणि त्यांची साठवण कायमची घटते. त्या गेल्याच असं मात्र अजून धरू नका. मीटर तपासताना एखादा दिवा किंवा फ्रीज चालू असेल तर आकडा खालचाच दिसतो.

धक्क्यावरची वीज जोडा, आरसीडीचं (वीज गळली तर पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) चाचणीचं बटण दाबून तो खटकन पडतो का बघा आणि चार्जर निदान २४ तास, जमल्यास ४८ तास चालू ठेवा. झाकणं उघडता येणाऱ्या बॅटऱ्या असतील तर चार्जिंगआधी प्लेटा जेमतेम बुडतील इतकंच डिआयोनाइज्ड पाणी घाला आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतर करा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड फुगून बाहेर येतं. पहिल्या काही तासांत प्रत्येक बॅटरीला हात लावून बघा. बाकीच्या कोमट आणि एकच गरम लागत असेल, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चार्जर लगेच बंद करा, हवा खेळती करा आणि ती बॅटरी गार झाल्यावरच सोडवा. या वेळी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर तोही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजननेही तो वाजतो, आणि हायड्रोजन स्फोटक असतो.

चार्जिंग संपलं की चार्जर काढा, आयसोलेटर (बॅटऱ्यांचा मुख्य स्विच) बंद करा आणि रात्रभर थांबा. सकाळी बॅटऱ्या एकमेकींपासून सुट्या करून प्रत्येकीचा व्होल्टेज वेगळा मोजा. समांतर जोडलेल्या असताना सगळ्यांचा आकडा सारखाच दिसतो आणि एक मेलेली बॅटरी उरलेल्यांना रोज खात राहते. १२.६ च्या वर टिकलेली ठेवा. १२.३-१२.४ ला घसरलेलीवर तासभर दिवे आणि पंपाचा भार टाकून बघा, ती भराभर खाली आली तर निकालात काढा. बदलायच्या असतील तर सगळ्या घरगुती बॅटऱ्या एकदमच बदला. जुनी-नवी जोडी लावली की नवी लवकर म्हातारी होते. इंजिन चालवून भरून काढू असा विचार करू नका. रिकाम्या बॅटऱ्या आल्टरनेटरकडून एकदम खूप करंट मागतात, पट्टा घसरून किंचाळायला लागतो, आणि शेवटचा वीस टक्के भरायला तरीही कित्येक तास लागतात.

कॅलोरिफायरची जी काळजी तुम्हाला लागलीय, ती थोडी कमी करतो. त्याच्याभोवती जाड फोम असतो, सौम्य हिवाळ्यात तो बऱ्याचदा वाचतो. आधी फुटतं ते दुसरंच: शॉवरचा मिक्सर, पाण्याच्या पंपाचं डोकं, पंपाआधीच्या गाळणीची पारदर्शक वाटी, आणि गॅसचा तात्काळ गिझर असेल तर त्याच्या आतली नळी. टाकी रिकामी झाली तरी या ठिकाणी घोट-घोट पाणी अडकून राहतं, आणि बर्फ होताना तेवढंही फोडायला पुरतं.

म्हणून टाकी एकदम भरू नका. फक्त ३०-४० लिटर घाला, सगळे नळ बंद करा आणि पंप चालू करून बोटीत पूर्ण शांतता ठेवा. दाब तयार झाला की पंप थांबायला हवा. थांबलाच नाही, किंवा कोणी नळ न उघडता दर दोन-चार मिनिटांनी ‘घुर्र’ करत राहिला, तर कुठेतरी गळतंय. पंप बंद करा, टॉर्च घ्या आणि प्रत्येक जोडावर टॉयलेट पेपरचा कोरडा तुकडा गुंडाळत जा. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच दिसतो. सगळं कोरडं राहिलं तर एकेक नळ उघडून हवा काढा, गरम पाण्याचा नळ सगळ्यात शेवटी, त्यातून फुसफुस थांबून सरळ धार येईपर्यंत. त्याआधी कॅलोरिफायरचं विजेचं हीटर चालू करू नका, कोरडं जळून जाईल.

मग टाकी निर्जंतुक करा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीची पावडर किंवा गोळ्या बोटीच्या सामानाच्या दुकानात मिळतात, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. आधी गाळणीचं कार्ट्रिज काढा, औषधाचं पाणी प्रत्येक नळातून वास येईपर्यंत खेळवा, सांगितलेला वेळ ठेवा आणि दोनदा पूर्ण टाकी धुऊन काढा. टाकी स्टेनलेस स्टीलची असेल तर क्लोरीनचं पाणी रात्रभर ठेवायचं नाही, स्टीलला खड्डे पडतात. संडास धुवायचं जाड, सुगंधी ब्लीच तर टाकीच्या जवळही नेऊ नका. आणि कॅसेट टॉयलेटचं रबर चिकटलं असेल तर त्याला स्वयंपाकाचं तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, दोन्हींनी रबर खराब होतं. सिलिकॉनचा स्प्रे वापरा.

आता इंजिन. आधी वीड हॅच, म्हणजे प्रोपेलरच्या वरची झाकणाची पेटी. किल्ली खिशात ठेवा, झाकण उघडा, हात घालून प्लास्टिक, दोरी, वेली काढा, झाकणाचं रबर पुसा आणि पट्टी पक्की आवळा. सैल राहिलेल्या या एका झाकणामुळे बोटी बुडाल्या आहेत. बोट गिअरमध्ये पडली की प्रोपेलरचं पाणी तिथूनच वर उसळतं आणि चालवणारा नेमका त्या झाकणाच्या वरच उभा असतो, त्याला ते दिसत नाही.

डिपस्टिक पुसून दोनदा बघा. तेल कमी असेल तर घाला. पण आधीपेक्षा वर चढलेलं किंवा दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी किंवा डिझेल मिसळलंय आणि इंजिन फिरवायचं नाही. कूलंटची पातळी बघा, आल्टरनेटरचा पट्टा बोटाने दाबून बघा, साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे.

त्यानंतर काचेची एक बरणी घ्या आणि डिझेलच्या वॉटर सेपरेटरचा तळचा स्क्रू सैल करून कपभर डिझेल त्यात काढा. दहा मिनिटं बरणी उजेडात ठेवा. वर डिझेल आणि खाली स्वच्छ पाण्याचा थर दिसला तर पाणी येणं थांबेपर्यंत काढत राहा. अर्ध्या रिकाम्या टाकीत हिवाळाभर ओल धरते, आणि आजच्या डिझेलमध्ये मिसळलेलं बायोडिझेल ती ओल आणखी ओढून घेतं. पण दोन थरांच्या मध्ये काळपट, शेवाळासारखा गुळगुळीत पडदा तरंगत असेल तर ते सूक्ष्मजीव आहेत. अशा वेळी बांधलेल्या जागी इंजिन मजेत चालतं आणि निघाल्यावर अर्ध्या तासाने, टाकी हिंदकळून गाळ वर आला की, फिल्टर तुंबून बंद पडतं. औषध टाकलं तरी मेलेला गाळ फिल्टरमध्येच येतो, म्हणून दोन जास्तीचे फिल्टर बोटीवर असायलाच हवेत. फिल्टर बदलल्यावर हवा कशी काढायची, ते धक्क्यावरच एकदा करून बघा. बोगद्यात शिकायची ती गोष्ट नाही.

गिअर न्यूट्रलमध्ये, ग्लो प्लग दहा-पंधरा सेकंद, मग स्टार्टर. दहा सेकंदांत सुरू झालं नाही तर थांबून श्वास घेऊ द्या. सुरुवातीचा पांढरा धूर चालतो, मिनिटा-दोन मिनिटांत विरतो. निळा राहिला तर तेल जळतंय. बोट गिअरमध्ये असताना काळा धूर येत असेल तर बऱ्याचदा प्रोपेलरला काहीतरी गुंडाळलेलं असतं. तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये चालवल्यावर, बोट पुढून-मागून घट्ट बांधलेली असताना, कमी वेगात गिअर टाकून वीस मिनिटं ठेवा. तेवढ्या वेळात ग्लँडला हात लावा: कोमट ठीक, चटका बसला तर फार आवळलीय. तापमान चढत राहिलं तर स्किन टँकमध्ये (बोटीच्या पोलादी बाजूला लागून असलेल्या, कूलंट गार करणाऱ्या टाकीत) हवा अडकली असण्याची शक्यता मोठी. त्याच्या वरच्या टोकाला हवा काढायचा स्क्रू असतो.

आणि दोऱ्या सोडण्याआधी बोटीला एक फेरी मारा. फेंडरवर, रडरच्या खाचेत, बाजूच्या टायरमध्ये कूट किंवा मूरहेन या पाणपक्ष्यांचं घरटं असू शकतं. वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अंडी दिसली तर बोट जागेवरच राहते, दुसरा मार्ग नाही.

राहिला फॉक्स्टनचा बेत. तिथे जायला आमची ना नाही, पण पहिल्या दिवशी आणि सगळ्यांना घेऊन नको. ब्रॉन्स्टनहून फॉक्स्टनच्या वरच्या लॉकपर्यंत सुमारे २६-२७ मैल आणि १३ लॉक आहेत: ब्रॉन्स्टनचे ६, मग वॉटफर्डचे ७. मध्ये २,०४२ यार्डांचा ब्रॉन्स्टन बोगदा, ज्यात समोरून बोट येऊ शकते, आणि पुढे क्रिक व हजबंड्स बॉसवर्थ असे आणखी दोन. ताशी तीन मैल आणि लॉकमागे पंधरा मिनिटं धरली तरी बारा तासांच्या वर जातात. म्हणजे जायलाच दोन दिवस.

तपासणीच्या त्या आठवड्यात चाचणीची फेरी उलट्या दिशेने, हिलमॉर्टनकडे मारा. उत्तर ऑक्सफर्ड कालव्यावर ब्रॉन्स्टनपासून सुमारे सात मैल एकही लॉक नाही. काही बिघडलंच तर काठाला लागायला जागा मिळते आणि रस्ता जवळ असतो. वळायची जागा नकाशावर आधीच हेरून ठेवा. हॉर्न आणि बोगद्याचा दिवा याच फेरीत तपासा. घरी आल्यावर लायसन्स, विमा आणि चार वर्षांचं बोट सेफ्टी प्रमाणपत्र यांच्या तारखा बघा, आणि कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या बंद मार्गांच्या सूचना वाचा. हिवाळी दुरुस्त्या मार्चअखेर संपायच्या असतात, पण लांबतातही. पाण्याचाही भरवसा नसतो: २०२५ मध्ये तुटवड्यामुळे लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा बंद ठेवावा लागला होता.

ईस्टरला मग असं करा. तुम्ही दोघं बोट घेऊन दोन दिवस आधी निघा आणि ते १३ लॉक दोघांनीच पार करा. ब्रॉन्स्टनचे लॉक रुंद आहेत. एकटी नॅरोबोट वर चढवताना, बोट ज्या भिंतीला आहे त्याच बाजूचं जमिनीतलं पॅडल (पाणी सोडायची झडप) आधी आणि हळू उघडा, पाणी फिरून येऊन बोटीला भिंतीशी दाबून धरतं. गेटमधली पॅडल बोट निम्मी वर आल्याशिवाय उघडायची नाहीत. वॉटफर्डला लॉक-कीपरला भेटल्याशिवाय आत शिरायचं नाही. तिथले चार लॉक एकाला एक जोडलेले आहेत आणि आधी लाल पॅडल, मग पांढरं, हा क्रम चुकला तर पाणी भलतीकडे जातं. परतताना याच लॉकमधून खाली उतरायचंय, तेव्हा बोट कायम पुढे ठेवा. मागच्या गेटखालच्या सिमेंटच्या उंबऱ्यावर स्टर्न (बोटीचं मागचं टोक) अडकलं तर बोट नाकावर झुकते आणि काही मिनिटांत भरते. तसं झालंच तर ओरडून पुढची पॅडल बंद करायला सांगायचं.

मुलं आणि सासू-सासरे यांना गाडीने क्रिकला बोलवा, एम-वन मोटरवेच्या १८ नंबरच्या जंक्शनपासून ते अगदी जवळ आहे. तिथून फॉक्स्टनच्या माथ्यापर्यंत जवळजवळ वीस मैल एकही लॉक नाही, पाणी एका पातळीत, दोन्हीकडे शेतं आणि मेंढ्या. दोन दिवसांत निवांत जाता येतं. सासऱ्यांना लॉकच्या गेटवरून चालावं लागणार नाही, टिलर (सुकाणूचा दांडा) मात्र त्यांच्या हातात द्या. मुलांना लाइफजॅकेट घालूनच डेकवर येऊ द्या, आणि बोगद्यात चालवणारा सोडून सगळे केबिनच्या आत. फॉक्स्टनला बोट वरच बांधा आणि दहा लॉकचा तो जिना पायी उतरा. शेजारीच १९०० साली सुरू झालेल्या, बोटी उचलून नेणाऱ्या उताराचे अवशेष आहेत, तेही बघण्यासारखे आहेत. तिथून सासू-सासऱ्यांना घरी न्यायला कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा, लेस्टर काही फार लांब नाही.